बबनआबांची जोड

बबनआबा माझ्या दुकानात आले की आधी माझा हात मागतात. मी काउंटरवरून उजवा हात पुढे करतो. आबा खांद्यावरचा टॉवेल काढून आमच्या दोघांच्या हातांवर पसरतात आणि टॉवेलाखाली माझी बोटं चाचपायला लागतात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा आवळला तर पाच. बैलबाजारात सौदा असाच होतो म्हणे. भाव तोंडाने बोलायचा नाही, आजूबाजूच्यांना कळू द्यायचा नाही. चाकणच्या बाजारात हे ठीक आहे हो. पण लोणावळ्यात, भर बाजारपेठेत, समोर पेनड्राइव्ह घ्यायला आलेल्या कॉलेजच्या दोन मुली उभ्या असताना, सत्तरीचा एक धोतर-टोपीतला गृहस्थ माझा हात टॉवेलाखाली धरून डोळे मिटून उभा राहतो, तेव्हा मी नक्की कुठे बघावं हे मला अजून कळलेलं नाही.

"काय शेठ, जमतंय?" आबा डोळे न उघडता विचारतात.

"आबा, त्या प्रोसेसरचा भाव पाटीवर लिहिलाय. सगळ्यांना दिसतोय."

"दिसू द्या की. पाटीवरला भाव गिऱ्हाइकाचा. ह्यो आपला."

माझं कॉम्प्युटर विक्री आणि दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. दुकान टाकलं तेव्हा मी उत्साही होतो, असं माझी बायको सांगते. मला आठवत नाही. इथल्या हवेत वर्षातले चार महिने इतकं पाणी असतं की मदरबोर्डाला बुरशी येते. शनिवार-रविवारी मोटारींची रांग माझ्या पायरीला लागून उभी असते आणि त्यातून उतरणारे लोक मला चिक्कीचं दुकान कुठे म्हणून विचारतात. उरलेले दिवस गिऱ्हाईक येतं, माझ्याकडून तासभर सगळी माहिती घेतं आणि पायरी उतरता उतरता मोबाइलवर ऑर्डर टाकतं. अशा माणसाच्या नशिबी देवाने बबनआबा लिहून ठेवावेत, याला दुष्काळात तेरावा महिना म्हणतात.

आबा मळवलीचे. थोडी भातशेती, आणि मुंबईच्या एका मालकाच्या बंगल्याची राखण. आबा आणि हौसामावशी, दोघं नवरा-बायको बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहतात. पण आबांची खरी ओळख वेगळी. बैल पारखावा तर बबनआबांनी, असं आमच्या मावळात म्हणायचे. कुणालाही बैल घ्यायचा झाला की आबांना बरोबर नेल्याशिवाय बाजाराला निघत नसत. जाताना चहा, येताना भजी, आणि बैल चांगला निघाला तर टोपी-टॉवेल, एवढ्यावर हा माणूस दिवसभर उन्हात बैलांचे दात बघत हिंडायचा. मग गावोगाव पॉवर टिलर आले. चिखलणी यंत्राने व्हायला लागली. पॉवर टिलरला दात नसतात, त्यामुळे आबांना कुणी बोलवेनासं झालं.

गेल्या दिवाळीनंतर एका मंगळवारी ते पहिल्यांदा दुकानात आले. शनिवार-रविवारचे पाहुणे सोमवारी बंगला सोडतात, म्हणून आबांचा वार मंगळवार. बराच वेळ भिंतीवरचे कीबोर्ड बघत उभे राहिले आणि म्हणाले, "शेठ, गेम खेळायचा कंपूटर जुळवायचाय."

'घ्यायचाय' नव्हे, 'जुळवायचाय'. हा शब्द त्यांनी आजवर बदललेला नाही.

"कुणासाठी?"

"जुळवायचाय," आबा म्हणाले. आणि टॉवेलाखाली माझी चार बोटं दाबून वर हळूच पुटपुटले, "धा हजाराचं एक."

चाळीस हजार. सगळं धरून. पडदा म्हणून मालकाने दिलेला जुना टीव्ही होता. मी थकलेला असलो तरी प्रामाणिक आहे. मी म्हटलं, "आबा, एवढा खटाटोप कशाला? गेम खेळायचा तयार डबा मिळतो. टीव्हीला लावला की झालं."

आबांचा चेहरा पडला. "बंद डबा?"

"हो."

"त्याचं दात बघू देत्यात का?"

"नाही."

"मग काय उपेग? पोत्यात घालून बैल घेत्यात का कुनी?"

मग मी त्यांना समजवायला बसलो. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, ग्राफिक कार्ड म्हणजे पडद्यावर चित्र रंगवणारा भाग, आणि कमी पैशांत लोक हमखास करतात ती चूक कोणती. ग्राफिक कार्ड दांडगं घेतात आणि प्रोसेसर किरकोळ. मग कार्ड प्रोसेसरची वाट बघत बसतं, पैसे फुकट जातात आणि गेम अडखळतो. हे मी बावीस वर्षं लोकांना सांगतोय. आकृत्या काढून सांगतो, बाटलीच्या निमुळत्या मानेचं उदाहरण देतो. लोक मान हलवतात आणि दांडगं कार्डच घेतात.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी जू वाकडं व्हतंय."

"काय?"

"एक बैल पहिलवान आन् एक मरतुकडा असला, की जू वाकडं व्हतं. पहिलवान म्होरं वढतो, मरतुकडा मागं ऱ्हातो. मान सोलून निघती, ती दोघांचीबी. नांगूर सरळ जातच न्हाई. मरतुकड्याला चाबूक मारून भागत न्हाई शेठ. जोड बराबरीची पायजे, न्हाईतर पहिलवानानं हळू चालाय शिकलं पायजे."

मी माझा आकृतीचा कागद घडी घालून खिशात ठेवला. त्या दिवसापासून मीही गिऱ्हाइकाला जूच सांगतो. मात्र यातून माझा छळ सुरू झाला. आबांना वाटलं, ह्या बाजारातलंही आपल्याला कळतं.

आणि खरं सांगायचं तर कळत होतं, हाच त्रास होता. रॅमची, म्हणजे मेमरीची, एक पट्टी घ्या, स्वस्त पडेल, असं मी म्हटलं. आबा म्हणाले, "एकटी नको. निम्म्या निम्म्या दोन द्या." दोन पट्ट्यांवर काम जास्त वेगाने होतं हे शास्त्र आहे, पण आबांचं शास्त्र वेगळं होतं. त्यांच्या मते एकटं जनावर खाणं सोडतं. ग्राफिक कार्ड दाखवलं, त्याला एकच पंखा होता. आबांना तो बैलाच्या अंगावरचा केसांचा भोवरा वाटला, त्यांनी ते लगेच परत केलं. "ह्यो एकभवऱ्या. एक भवऱ्याचा बैल मालकाला धार्जिणा नसतो." तीन पंख्यांचं दाखवलं, तर म्हणाले, "तीन तिगाडा." दोन पंख्यांचं नवं कार्ड त्यांच्या पैशांत बसत नव्हतं. मग जुनं शोधणं आलं.

तळेगावचा एकजण जुनं कार्ड विकायला घेऊन आला. लखलखीत. वर्षभरच वापरलंय, नुसते सिनेमे बघितलेत, म्हणाला. मी खूश. आबांनी ते हातात घेतलं, उलटं केलं, वास घेतला, चश्मा कपाळावर चढवून मागचे स्क्रू बघितले आणि त्या माणसादेखत जाहीर केलं, "शिंगाला तेल लावलंय. राबवून राबवून मग धुऊन आनलंय. खूर बगा." म्हणजे स्क्रूची डोकी झिजली होती, कुणीतरी ते चार-सहा वेळा उघडलं होतं. मला आबांचा राग आला. गिऱ्हाइकासमोर माझी अक्कल काढतात म्हणून मी ते कार्ड हट्टाने दुकानासाठी घेतलं. आठव्या दिवशी त्याने मान टाकली. पुढच्या मंगळवारी आबांना ते काउंटरवर पडलेलं दिसलं. ते नुसते माझ्यासाठी बाहेरून चहा घेऊन आले.

असे महिने गेले. पावसाळा आला, मळवलीची भातलावणी आली, आबा गुडघ्याएवढा चिखल धुऊन मंगळवारी हजर. मी त्यांना लांबून बघितलं की आतल्या खोलीत जाऊन बसायचो. ते बाहेर स्टुलावर बसून राहायचे. आलेल्या गिऱ्हाइकाला "शेठ जेवत्यात" असं सांगायचे आणि वर "जू वाकडं नका करू" असा फुकटचा सल्लाही द्यायचे. दोन गिऱ्हाइकांनी तो मानला, हेही कबूल करतो.

कंट्रोलरच्या वेळी मात्र माझा तोल गेला. दोन्ही हातांत धरून बटणं दाबायची ती वस्तू. आबा तिला रिमोट म्हणतात. त्यांना दोन रिमोट हवे होते. मी स्वस्तातले दोन पुढे केले. आबांनी एक उजव्या तळहातावर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "चालवून दावा." मोटारींचा एक गेम लावला. बैलगाड्यांचा नसतो हे कळल्यावर त्यांनी मोटारींवर समाधान मानलं होतं. गेममधली गाडी आपटली की रिमोट हातात थरथरतो. आबांनी मला अकरा वेळा गाडी आपटायला लावली.

"लय हळू थरथरतोय. दुसरा."

दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येकाला डोळे मिटून उजव्या तळहातावर धरायचं. पाचव्याला माझा आवाज चढला. "आबा, गेम डोळ्यांनी बघतात. थरथर काय बघताय? घ्यायचं असेल तर घ्या, नाहीतर माझा जीव सोडा. वर्ष होत आलं!"

आबांनी रिमोट हळूच खाली ठेवला.

"शेठ, राग येनं बराबर हाय," ते म्हणाले. "पर म्या जोड इकलीया."

क्षणभराने माझ्या लक्षात आलं. आबांची स्वतःची शेवटची बैलजोडी. कामाला नव्हती, पण रोज धुतलेली, रोज फिरवलेली. मळवली स्टेशनावर उतरलं की डाव्या हाताला बांधलेली दिसायची.

"एक गिऱ्हाईक एकच बैल मागत हुतं. जादा देत हुतं. न्हाई फोडली जोड. दोगंबी एकाच दावनीला गेलं." आबांनी टॉवेलाने काउंटर पुसला, उगाचच. "आता पुन्यांदा इकायला काय न्हाई. ह्यो चुकला म्हंजी चुकला. म्हनून बगतोय. कंपूटर अडखळता कामा न्हाई आन् रिमोट थरथरला पायजे. बाकी रंगबिंग कसाबी द्या."

मी सहावा रिमोट काढला. तो माझ्या दुकानातला सगळ्यात महाग होता. आबांनी तळहातावर धरला, मी गाडी आपटली, आणि त्यांचा चेहरा उजळला. मी टॉवेल मागितला आणि त्याखाली त्यांना माझा खरेदीचा भाव सांगितला. बावीस वर्षांत तो मी कुणाला सांगितला नव्हता. मला त्या दिवशी लाज वाटत होती.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी जुळवलेला कॉम्प्युटर घेऊन मळवलीला गेलो. आबा फाटकात उभे होते. हातात ताट, त्यात हळद-कुंकू, भाकरीचा तुकडा, आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. मी खोकं उघडून कॉम्प्युटरचा कॅबिनेट पायरीवर ठेवला. आबांनी त्याला कुंकू लावलं, भाकरी ओवाळून टाकली, आणि मला काही कळायच्या आत तांब्या कलता केला.

"आबा!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या बंगल्यातला कुत्रा भुंकायला लागला. "पाणी नाही! जळून जाईल!"

तांब्या हवेतच थांबला. "पाय धुवायचं ऱ्हायलं की," आबा ओशाळून म्हणाले. "नवा बैल दारात आला की पाय धुत्यात. त्ये काम हिचं असतंय, म्हनून मला वकूब न्हाई. हिला इचारतो."

आणि आतून आवाज आला, जड, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. "डो-ळ्याला... पानी... लावा. बास."

आबांनी बोट ओलं करून कॅबिनेटच्या चालू करायच्या बटणाला लावलं. मी हातरुमालाने ते लगेच पुसून टाकलं.

आत हौसामावशी खुर्चीत बसली होती. मी तिला दोन वर्षांपूर्वी पाहिलं होतं, डोक्यावर गवताचा भारा घेऊन रूळ ओलांडताना. आता तिचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला होता आणि ओठाची एक बाजू खाली ओढली गेली होती. गेल्या वर्षी नवरात्रात अर्धांगवायूचा झटका आला होता. आबा दर मंगळवारी माझ्यासमोर बसायचे आणि यातलं एक अक्षर कधी बोलले नव्हते. मीही 'घरी सगळे बरे?' एवढं विचारलं नव्हतं. मला ते आत्ता सुचत होतं.

मी वायरी जोडत होतो आणि आबा सांगत होते. डॉक्टरांनी हाताच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला होता, तो मावशीने दोनदा भिंतीवर फेकून मारला. मी काय ल्हान प्वार हाय का, म्हणाली. मग बंगल्यावर पाहुणे आले. त्यातल्या एका पोरीने गेम खेळता खेळता सहज आपला रिमोट मावशीच्या मांडीवरच्या हातात ठेवला. गेममध्ये गाडी आपटली, रिमोट थरथरला, आणि मावशी म्हणाली, मुंग्या आल्या. त्या हातात कितीतरी दिवसांत काहीच आलं नव्हतं.

"पाव्हनं सोमवारी गेलं, रिमोटबी गेला," आबा म्हणाले. "मंगळवारी तुमच्याकडं आलो."

"पण आबा, मला सांगायचं नाही का?"

"गावात कळलं आस्तं. लोक हासत्यात शेठ. म्हातारी गेम खेळती म्हनून हिला हासल्यालं मला चाललं न्हाई आस्तं. मला हासल्यालं चालतंय."

गेम सुरू झाला. टीव्हीचा पडदा मधोमध विभागून वर एक मोटार, खाली एक मोटार. आबांनी मावशीची बोटं एकेक करून रिमोटभोवती बसवली आणि दुसरा रिमोट स्वतः घेतला. गेम कुठेही अडखळत नव्हता. शर्यत सुटली. बाकी सगळ्या मोटारी सुसाट निघून गेल्या. मावशीची मोटार कुंपणाला घासत, थांबत, पुन्हा निघत चालली होती. ती आपटली की तिचा हात थरथरायचा आणि ती दात दाबून म्हणायची, "आलं... आलं."

आणि आबा? चाळीस हजारांचा, वर्षभर निवडून जुळवलेला, बैलजोडी विकून आणलेला तो कॉम्प्युटर. आणि त्यावर आबांची मोटार मावशीच्या मोटारीच्या बाजूला चालत होती, माणूस चालतो त्या वेगाने. मावशी अडकली की आबा थांबायचे.

मला राहवलं नाही. धंद्याचा माणूस. "आबा, पळवा की! तुमच्या गाडीत लय जोर आहे!"

आबांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"जू वाकडं व्हईल," ते म्हणाले.

मी परत आलो. मंगळवार आले, गेले. स्टुलावर कुणी नसायचं आणि मी जेवत असताना गिऱ्हाइकं तशीच परत जायची. ज्या माणसाला टाळायला मी आतल्या खोलीत लपायचो, त्याची मी दुकानाच्या दारात उभं राहून वाट बघायला लागलो. शेवटी हिवाळ्यात मीच लोकल पकडून मळवलीला गेलो. कॉम्प्युटरमधली धूळ काढायची होती, असं मी बायकोला सांगितलं. दीड-दोन महिन्यांत कसली धूळ साचते, हे तिने विचारलं नाही.

धूळ नव्हतीच. मी उगाच झाकण काढून पुन्हा बसवलं. निघताना खिसा चाचपडत आबांनी विचारलं, "शेठ, तुमचं किती?" मी नको म्हणत होतो, तेवढ्यात मावशीने मान हलवून मला जवळ बोलावलं.

"भाऊ... हात."

आबांच्या खांद्यावरचा टॉवेल तिने डाव्या हाताने ओढून घेतला आणि माझ्या हातावर टाकला. मग डाव्या हातानेच उजवा हात उचलून टॉवेलाखाली सरकवला. तिने डोळे मिटले. बराच वेळ काही झालं नाही. मग माझं पहिलं बोट आवळलं गेलं. थोड्या वेळाने दुसरं. पकड नव्याने चालणाऱ्या पोराच्या पावलासारखी होती, पण पकड होती. तिसऱ्या बोटाला तिचं बोट येऊन टेकलं, थरथरलं आणि न दाबता तसंच राहिलं. तिच्या कपाळावर घाम आला होता.

आबा माझ्याकडे बघत होते. टोपी हातात घेतलेली, आणि बैल घेताना कधी दिसली नसेल अशी भीती चेहऱ्यावर.

"किती?" त्यांनी विचारलं. "किती दाबली?"

"तीन," मी म्हणालो.

मावशीने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताने टॉवेल आणखी नीट झाकून घेतला. टॉवेलाखालचा भाव बाहेर सांगायचा नसतो.